पोपटी साडीची घडी

१

शुक्रवारी सकाळी ज्योत्स्नानं ट्रंक उघडली, तळापर्यंत हात घातला आणि ती मटकन खालीच बसली. पोपटी साडी जागेवर नव्हती.

बाकी एक वस्तूही हललेली नव्हती. वर सोमनाथदादानं घेतलेली कोरी रेशमी साडी होती, तिच्याखाली थंडीसाठी घेतलेला स्वेटर होता, कोपऱ्यातल्या डब्यात आईची बोरमाळ होती. गेली होती ती फक्त तळाची सुती साडी, कॉलेजपासून नेसून नेसून मऊ झालेली. दोन वर्षांत ती कुणी नेसलीही नव्हती. पण तिच्याच घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत, ज्योत्स्नाचा पासपोर्ट होता, विमानाचं तिकीट होतं आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड होतं.

उद्या, शनिवारी, सकाळी जीप निघायची होती. शेळगावहून बारामती, पुणे, मुंबई. आणि मध्यरात्र उलटल्यावर विमान.

१९९७ सालचा नोव्हेंबर होता. शेळगावातली माणसं तोवर दुबईला जाऊन आली होती, एक जण बोटीवर होता. पण बारामतीच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांतून उसाची रोपं वाढवणारी अठ्ठावीस वर्षांची पोरगी, त्याच रोपांवर लिहिलेला निबंध वाचायला थेट ब्राझीलला, रिओ नावाच्या समुद्रकाठच्या शहरात निघाली होती, असं इंदापूर तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. जगभरचे ऊसवाले शास्त्रज्ञ तिथं जमणार होते. आणि आता जाणार कशी? नवा पासपोर्ट एका दिवसात मिळत नाही. लस तर जायच्या दहा दिवस आधी टोचलेली लागते.

अक्काबाईंनी, म्हणजे ज्योत्स्नाच्या आईनं, पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी भागूबाईंना बोलावलं.

भागूबाई म्हणजे गावच्या नर्सबाई. तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. निम्मं शेळगाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं, त्यामुळं कुणाच्या घरात ट्रंक कुठं आणि भांडण कुठं, हे त्यांना विचारावं लागत नसे. त्यांची एक सवय होती. रोगी काय सांगतो ते ऐकायचं, पण तो काय सांगायचं विसरला ते आधी शोधायचं.

त्या आल्या आणि ट्रंकेकडं न जाता भिंतीपुढं उभ्या राहिल्या. तिथं ज्योत्स्नानं मोठा कागद चिकटवून सगळा प्रवास मांडला होता. मुंबईहून विमान कधी सुटतं, फ्रँकफर्टला दिवसभर थांबा, तिथून दुसऱ्या विमानात बारा तास. रिओचं घड्याळ आपल्या साडेसात तास मागं. कुठल्या बॅगेत काय, शेंगदाण्याची चटणी किती, निबंधाच्या प्रती किती. आणि खाली, सगळ्यात बारीक अक्षरात: 'बुधवार, संध्याकाळी पाच ते सहा, समुद्र.'

"एक तास?" भागूबाईंनी विचारलं.

"तेवढाच रिकामा मिळतोय, बाई," ज्योत्स्ना रडवेल्या आवाजात म्हणाली.

भागूबाईंना त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की क्षणभर आपण कशाला आलोय तेच त्या विसरल्या. अर्धं जग हिनं एका कागदावर मांडून ठेवलं होतं, आणि समुद्रासाठी एक तास बाजूला काढला होता. हा तास बुडू द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि ट्रंकेजवळ बसल्या.

ट्रंकेच्या तळाशी, जिथं साडी होती तिथं, पाच-सहा दाणे पडले होते. त्यांनी ते तळहातावर घेतले. तांदूळ होते, पण तांबडे.

अक्काबाईंचा चेहरा उतरला. "कुकू लावल्यालं हाय ह्यांना," त्या म्हणाल्या. "छप्पन सालापासनं ह्या घरात कुकवाच्या अक्षता आल्या न्हाईत, बाई. मग ह्या आल्या कुठनं?"

२

"कुठनं म्हंजे? शेजारनं!" सोमनाथ दारातूनच गरजला.

सोमनाथ ज्योत्स्नाचा थोरला भाऊ. वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायचा, निरोप मिळताच मोटारसायकलवर आला होता. त्यानं दाणे बघितले आणि त्याचा संशय पक्का झाला.

"अंगावरची जुनी साडी न्यायची, तिथं तांबडं तांदूळ टाकायचं. करणी करायचा बेत हाय ह्यो! माझा इस्वास न्हाय असल्यावर, पण करणाऱ्याचा असतोय न्हवं?"

"आणि करणारं कोण?" भागूबाईंनी शांतपणे विचारलं.

सोमनाथनं बोळापलीकडच्या घराकडं बोट केलं. ते हिंदुराव बागायतदारांचं घर. त्यांची मुलगी उत्कर्षा ज्योत्स्नाबरोबर त्याच प्रयोगशाळेत काम करायची. दोघी एका एसटीनं जायच्या, एका डब्यात जेवायच्या. रिओला कुणी जायचं यासाठी दोघींचे निबंध गेले होते. निवड ज्योत्स्नाची झाली, पण ऐनवेळी अडचण नको म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी उत्कर्षाचाही पासपोर्ट आणि व्हिसा तयार ठेवला होता.

"ज्योत्स्ना गेली न्हाय, तर कोण जाणार?" सोमनाथ म्हणाला. "आणि साडीतल्या पासपोर्टाचं कुणाला म्हाईत हुतं? इचारा तिला."

ज्योत्स्नानं मान खाली घातली. कागद जुन्या साडीच्या घडीत ठेवायची रीत तिच्या वडिलांची, कचरूतात्यांची. चोर नव्या कपड्याला हात घालतो, जुन्याकडं बघत नाही, असं ते म्हणायचे. रेशनकार्ड असो की जमिनीचा उतारा, सगळं अक्काबाईंच्या लुगड्यात. वडील गेले, रीत राहिली.

"मला आणि आईला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि... गमतीत मी उत्कर्षाला सांगितलं होतं."

"झालं तर मग!"

"झालं न्हाय," भागूबाई म्हणाल्या. "सोमनाथ, तूबी नको म्हणत हुतास हिला."

सोमनाथचा आवाज बसला. "म्हणत हुतो. दोन दिस विमानात एकटी पोरगी. खाली समुद्र. मला पवायला येत न्हाय बाई, मी कुठं धावणार? पण मागनं मीच ती रेशमी साडी घेतली. म्हणलं, शेळगावचं नाव घेऊन जातीय, तर झोकात जाऊ दे."

त्याचे डोळे खरं बोलत होते. भागूबाईंनी इंजेक्शन देताना असले डोळे पुष्कळ बघितले होते.

"ट्रंक शेवटची उघडी कधी हुती?"

अक्काबाईंनी आठवलं. "बुधवारी सकाळी. सामान लावायचं म्हणून दिसभर उघडीच. मी चुलीपाशी चटणी कुटत हुते. उत्कर्षा आली, तिची आई जयवंता आली, दुपारी सोमनाथ जेवून गेला. परकं कुणीसुदीक न्हाय."

परकं कुणीच नाही. म्हणजे ज्यानं साडी नेली तो याच अंगणात वाढलेला होता. चाळीस वर्षं ह्या दोन घरांनी बोळाकडचं दार लावलं नव्हतं, आणि सोमनाथनं आत्ताच जाऊन ते धाडकन लावलं.

३

उत्कर्षा ओट्यावर बसली होती. दार लावल्याचा आवाज तिनं ऐकला होता आणि का लावलं तेही तिला कळलं होतं.

"बाई, मला विचारायला आलात ना? विचारा," ती म्हणाली. डोळे लाल होते, पण मान ताठ.

"इचारत न्हाय. तू सांग."

"माझी निवड झाली नाही तेव्हा मी रडले. रात्रभर. खोटं कशाला बोलू? मला जायचंच आहे, बाई. ते शहर मी नकाशात इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटून रस्ता सांगीन. पण ज्योत्स्नाची रोपं माझ्यापेक्षा चांगली आली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तिच्या बाटलीतलं एक रोप मेलं नाही, माझी निम्मी मेली." तिनं ओठ चावला. "मला जायचंय ते माझ्या रोपांवर. तिच्या पासपोर्टावर नाही."

ह्या दोन्ही पोरी भागूबाईंच्याच हातावर जन्मलेल्या, आणि आज त्यांना दोघींचाही सारखाच अभिमान वाटत होता.

"तुझी आई कुठाय?"

"मागं, गोठ्यात. कालच आली कऱ्हाटीहून, बारामतीच्या पुढं पुण्याच्या वाटेवरच्या गावाहून. गेणबामामाकडं गेली होती. बुधवारी दुपारी अचानक उठून एसटीनं गेली, काल परत."

"अचानक? ऐन ऊसतोडीत?"

"मलाही नवल वाटलं. आईचं आठवडाभर काहीतरी बिनसलंय. सोमवारी भिंतीवरची दिनदर्शिका बघत बसली होती, मग एकदम उठली आणि मला म्हणाली, ज्योतीचं ते गाव कुठल्या दिशेला हाय गं? मी नकाशा काढून दाखवलं, मावळतीला. तर म्हणाली, नक्की ना? दोनदा विचारलं. आता आईला रिओची दिशा कशाला हवी?"

भागूबाई उठून भिंतीकडं गेल्या. दिनदर्शिकेत उद्याचा शनिवार होता, आणि त्या चौकोनात अमावस्येचं काळं वर्तुळ.

त्या वळल्या. "उत्कर्षा, सोमनाथला हितं बोलाव. अक्काबाईला, ज्योत्स्नालाबी. चोर सापडला."

४

हिंदुरावांच्या ओट्यावर सगळे जमले. सोमनाथ उभाच राहिला. जयवंताबाई गोठ्यातून हात पुसत आल्या, आणि इतकी माणसं बघून दारातच थबकल्या.

"सोमनाथ," भागूबाईंनी सुरुवात केली, "तू म्हणतोस चोराला पासपोर्ट पायजे हुता, म्हणून त्यानं साडी नेली. मग मला सांग, पासपोर्ट नेणारा साडी कशाला नेईल? पिशवी वढून कमरंला खोचायची, साडी हाय तशी ठेवायची. शनिवारपतुर कुणाला पत्ता लागला नसता. पाचवारी साडी काखंत मारून भर दिवसा बोळ वलांडायची, हे कोण करंल?"

सोमनाथ आता ओट्याच्या कडेला टेकला.

"तेव्हा उलटं धरा. चोराला साडीच पायजे हुती. पासपोर्ट आत हाय हे त्याला ठाऊकच न्हवतं."

"पण वर कोरी रेशमी साडी होती की!" ज्योत्स्ना म्हणाली. "ती सोडून जुनी कोण नेईल?"

"तिथंच खरी मेख हाय. कोरी चालत न्हवती. तुझ्या अंगाला लागलेलीच पायजे हुती."

"मी म्हणलो न्हवं, करणी!"

"करणीला लिंबू लागतंय, टाचण्या लागतात, बिबा लागतोय. मी गावातल्या उंबऱ्या-उंबऱ्यावरनं ते उचलून फेकलंय. पण अक्षता, सोमनाथ? अक्षता वाईटाला कुणी वापरत न्हाय. अक्षता टाकतात त्या भलं व्हावं म्हणून." भागूबाईंनी तळहात उघडून दाणे दाखवले. "आता बघा. एका माणसानं दिनदर्शिका बघितली. ज्योत्स्ना निघणार शनिवारी, आणि त्या दिवशी अमावस्या. जीव कासावीस झाला. तिकीट तर बदलत न्हाय. मग त्या माणसानं दिशा इचारली, मावळत. तिची नेसती साडी उचलली, अक्षता टाकल्या, आणि चांगला दिवस बघून मावळतीच्या वाटंवर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली. म्हंजे ज्योत्स्ना बुधवारीच घरातनं निघाली असं झालं. शनिवारी ती फक्त पुढं जाणार."

अक्काबाई हळूच म्हणाल्या, "पस्तान."

"व्हय. पस्तान. जयवंता, खरं का खोटं?"

प्रस्थान ठेवायची ही जुनी चाल ज्योत्स्नानं फक्त ऐकली होती. जायचा दिवस वाईट असला, की आधीच्या शुभ दिवशी प्रवाशाचं वस्त्र वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचं आणि जाताना उचलायचं. बौद्ध घरात ही चाल कुणी पाळत नव्हतं. तिच्या आईनं तर मुहूर्त हा शब्दच घरातून हद्दपार केला होता.

जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. "बोलायचं नसतंय वो, बाई. उचलल्याबिगर बोललं तर मोडतंय."

"काकू, त्या साडीत माझा पासपोर्ट आहे!"

जयवंताबाईंचा हात खाली आला. चेहरा पांढरा पडला. "साडीत? अगं, घडी उलगडायची नसती म्हणून म्या तशीच पिशवीत घातली. जाड लागलं हाताला. म्हणलं, आत पोलकं असंल." त्या धपकन खाली बसल्या. "आरं देवा! युवराजला सांगून ठेवलं हुतं म्या. उद्या जीप कऱ्हाटीत मामाच्या दारात उभी कर, च्याच्या निमतानं. ज्योतीच्या हातात पिशवी देणार हुते. घावला असता की गं तुला. घावलाच असता!"

युवराज म्हणजे उत्कर्षाचा भाऊ, जीप त्याचीच. तो खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान हलवली. "मला वाटलं आईनं ज्योतीसाठी खाऊ ठेवलाय मामाकडं."

सोमनाथ घसा खाकरून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात उत्कर्षा ताडकन उठली.

"आई, मामीची सवय ठाऊक आहे ना तुला? जुनी साडी दिसली की ती फाडून गोधडीला लावते."

५

जीप वालचंदनगर मागं टाकून निघाली, बारामती ओलांडली. रस्त्यावर उसाच्या गाड्या होत्या, बैल आपल्या चालीनं चालत होते आणि युवराज हॉर्न वाजवून वाजवून थकला. जयवंताबाई मधूनच पुटपुटत, "आतल्या कोनाड्यात ठेवलीय. सांगितलंय म्या, हात लावू नगा म्हणून."

ज्योत्स्नाचा राग मात्र मावत नव्हता. शेवटी ती बोललीच. "काकू, मला विचारलं का नाहीत?"

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"नसती दिली. आम्ही हे मानत नाही."

"ठाऊक हाय. म्हणून तर चोरून नेली." जयवंताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "माझ्या आयनं शिकवलंय मला पस्तान कसं ठेवायचं. अक्षता कशा, दिशा कशी. शिकून चाळीस वर्सं झाली. पण आमच्या घरातनं लांब कोण गेलं? इंदापूर, बारामती. त्याला काय पस्तान ठेवायचं? आणि आता तू निघालीस. समुद्रापल्याड. एवढं लांब जाणारं माणूस माझ्या बघण्यात पैलंच."

उत्कर्षा समोर बसली होती.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "ज्योत्स्ना गेली नसती तर मी गेले असते. हे माहीत होतं ना तुला?"

"व्हतं की."

"तरी तिचं ठेवलंस?"

"जिचं जाणं ठरलंय तिचं ठेवायचं असतंय, बाळ. तुजं ठरू दे, तुजंबी ठेवीन."

उत्कर्षानं आईचा हात घट्ट धरला. सोमनाथ पुढच्या सीटवर होता. तो मागं वळला नाही, पण त्याचे कान लाल झालेले भागूबाईंना दिसले.

कऱ्हाटीत गेणबामामाच्या अंगणात गोधडी पसरलेली होती. मामी सुई घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर पोपटी रंगाचं कापड होतं. ज्योत्स्ना धावली. पण ते कापड दुसरंच निघालं, मामीचं स्वतःचं जुनं पोलकं. पोपटी साडी आत कोनाड्यात होती, पिशवीसकट, हातसुद्धा न लावलेली.

ज्योत्स्नानं घडी उलगडली. पासपोर्ट होता. तिकीट होतं. पिवळं कार्ड होतं. तिनं तिन्ही छातीशी धरली आणि सकाळपासून दाबलेलं रडू फुटलं.

भागूबाईंनी तिला रडू दिलं. मग सोमनाथ म्हणाला, "चला आता. पासपोर्ट माझ्या खिशात. घरी जाऊन कुलपात घालतो."

जयवंताबाई काही बोलल्या नाहीत. उचललेलं प्रस्थान घेऊन परत उंबऱ्याच्या आत जायचं नसतं, जायचं ते पुढंच. ते सांगायचा आपला हक्क आता राहिला नाही, असं त्यांना वाटत असावं. त्या दाराशी बाजूला होऊन उभ्या राहिल्या. ज्योत्स्नानं त्यांच्याकडं बघितलं आणि तिला ते न सांगता कळलं.

तिनं डोळे पुसले, साडीची घडी पुन्हा घातली आणि कागदांची पिशवी होती तिथंच ठेवली.

"ज्योती, येडी झालीस?" सोमनाथ ओरडला. "पुन्हा हितं ठिवतीस? ह्या घरात?"

"काकू," ज्योत्स्ना म्हणाली, "अमावस्येवर माझा विश्वास नाही. उद्याचा दिवस मला बाकीच्या दिवसांसारखाच आहे. पण तुमच्यावर विश्वास आहे." मग ती उत्कर्षाकडं वळली. मिनिटा-मिनिटाचा हिशोब मांडणारी ती पोरगी आता एक क्षणही थांबली नाही. "तू राहशील आज मामाकडं? उद्या मी तुझ्याच हातून घेईन."

साडीची पिशवी उत्कर्षाच्या हातात आली. सगळ्यांसमोर. सोमनाथनं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा उत्कर्षाकडं, आणि डोक्यावरची टोपी काढली. "उत्कर्षा, म्या सकाळी जे बोललो ते वंगाळ बोललो," तो म्हणाला. "तू राहा. माझं काय म्हणणं न्हाय."

भागूबाईंना त्या रात्री चांगली झोप लागली. कोण पळवील, कोण विसरेल, असली एकही शंका त्यांच्या मनात आली नाही, आणि ह्याचंच त्यांना मोठं नवल वाटलं.

शनिवारी सकाळी जीप कऱ्हाटीत पोचली तेव्हा उत्कर्षा रस्त्यावरच उभी होती. डोळे तारवटलेले, हातात पिशवी.

"झोपली नाहीस?" ज्योत्स्नानं विचारलं.

"कुठली झोप. वीसदा उघडून बघितलं, आहे का जागेवर." ती हसली आणि पिशवी पुढं केली. मग हात मागं घेत म्हणाली, "थांब. एक कबूल कर आधी. समुद्राला एक तास कमी आहे. दोन तास काढ. एक माझा."

ज्योत्स्नानं पर्समधून पेन काढलं आणि भिंतीवरून काढून बरोबर घेतलेल्या प्रवासाच्या कागदावर बुधवारच्या ओळीत 'सहा'चं 'सात' केलं. मग तिनं पिशवी घेतली, आणि युवराजनं जीप मावळतीच्या रस्त्याला लावली.